सातवा घोस

१

मी घातकी आहे, हे बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता पस्तीस माणसांसमोर जाहीर झालं. तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

पॅकिंग शेडच्या लांब टेबलावर मालकांनी टोमॅटोची एक क्रेट उलटी केली. वरून बघावं तर एकेक फळ कसं गोंडस, हिरवंगार. उलटं केलं की बूड काळं, सपाट, चामड्यासारखं. काही गडगडत माझ्या पायाशी आली, ती मी उचलून परत टेबलावर ठेवली.

"तीन नंबरमधली आहेत," मालक म्हणाले. "तुमच्या तीन नंबरमधली, मावशी."

इथे सगळे मला मावशी म्हणतात. पाठीमागे तिखटी म्हणतात, तेही मला ठाऊक आहे आणि मला ते आवडतं. तीन नंबरचं पॉलीहाऊस एकोणीस वर्षं माझ्या हातात आहे. दोन हजार रोपं, एकेक दोरीला बांधलेलं.

"माझीच आहेत," मी म्हणाले. "सोमवारी पहिलं काळं बूड मलाच दिसलं आणि मीच येऊन तुम्हाला सांगितलं. त्याचं हे बक्षीस का?"

तेवढ्यात जावईबापू पुढे आले. मालकांचे जावई वर्षभरापूर्वी व्यवस्थापक झाले. शिकलेला माणूस, बोलणं मऊ, बूट कायम चकचकीत. त्यांच्यामागून दोघांनी दोन गोण्या आणून टेबलाशी टाकल्या. कॅल्शियम नायट्रेटच्या, न फोडलेल्या.

"तीन नंबरच्या खताच्या टाकीमागे सापडल्या," ते म्हणाले. "मावशी दोन आठवड्यांपूर्वी सुट्टीवर गेल्या, त्या दिवशी सकाळी टाकी त्यांनीच भरली. या दोन गोण्या त्यात पडायला हव्या होत्या, त्या पडल्याच नाहीत. फळाला कॅल्शियम मिळालं नाही की बूड काळं पडतं, हे पुस्तकातलं पहिलं पान आहे. विसरल्या म्हणावं, तर गोण्या लपवल्या कशाला?"

शेडमध्ये कुजबुज झाली. जावईबापू मालकांच्या कानाशी लागून "उपटून टाका" म्हणाले, आणि मालकांनी माझ्याकडे न बघताच निकाल दिला. शनिवारी सकाळी तीन नंबरची सगळी रोपं उपटायची. पुढचं पीक जावईबापू बघणार. मी पॅकिंगला, टोमॅटो पुसायला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मालक, पस्तीस जणांसमोर बोललात, तर पस्तीस जणांसमोर ऐकायचं. शुक्रवारी चहाच्या सुट्टीत, इथेच. तोवर एका रोपाला हात लागता कामा नये."

"आणि शुक्रवारी तुम्ही काय सांगणार?"

"कुणी केलं ते," मी म्हणाले, आणि निघाले. खरं सांगते, तेव्हा मला काडीचीही कल्पना नव्हती.

२

माणसं खोटं बोलतात, म्हणून मी आधी रोपांकडे गेले.

पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. टोमॅटोला खालून वर घोस येतात, साधारण आठवड्याला एक. खालचे पिकत असतात तेव्हा वरचे नुकते धरत असतात. त्यामुळे रोप म्हणजे उभं कॅलेंडर असतं, फक्त वाचता यायला हवं. मी एकेक घोस हातात घेऊन, फळ उलटं करून बघत गेले. दहा रोपं झाली, पन्नास झाली, दोनशे झाली. मान मोडून आली.

प्रत्येक रोपावर सातवा घोस काळा होता. सहावा स्वच्छ. आठवा स्वच्छ, गोट्यांएवढी हिरवी फळं, बुडाला एक डाग नाही.

मी खाली बसले आणि एकटीच मोठ्याने हसले. पलीकडच्या ओळीतली बाई घाबरून बघायला आली.

कारण टाकीत कॅल्शियम नसतं, तर असं झालंच नसतं. एक टाकी दहा दिवस पुरते. दहा दिवस कॅल्शियम नाही म्हणजे सातव्याबरोबर आठवाही गेला असता. शिवाय शेंड्याची कोवळी पानं कडेने करपली असती. शेंडे तर कसे टवटवीत होते! म्हणजे खत होतं. फक्त चार-पाच दिवस ते फळापर्यंत पोचलं नव्हतं.

आता कॅल्शियमला स्वतःचे पाय नाहीत. ते पाण्याबरोबर जातं. पाणी कमी पडलं की आधी पानं आपलं ओढून घेतात, आणि फळाचं बूड म्हणजे पंगतीतलं शेवटचं पान, तिथवर वाढप येतच नाही. त्या दिवसांत जी फळं बोराएवढी असतील, नेमकी तीच मरतात. मोठी झालेली वाचतात, अजून फुलात असलेलीही वाचतात.

मग खाली वाकून तिसऱ्या घोसाचं उरलंसुरलं बघितलं. तो तेव्हा पिकत होता. देठापासून चिरा, वाळलेल्या. या चिरा मी सुट्टीवरून आल्या आल्या पाहिल्या होत्या आणि उन्हाच्या माथी मारून मोकळी झाले होते. ही माझी चूक, ती मी कबूल करते. पिकतं फळ तहानलेलं असताना एकदम भरमसाट पाणी मिळालं की साल फाटते. उन्हाने नुसती तशी फाटत नाही.

म्हणजे आधी कुणीतरी तीन नंबरचं पाणी तोडलं. मग घाबरून एकदम सोडलं. बोटांवर दिवस मोजले. सातव्या घोसाची फळं बोराएवढी होती तो आठवडा म्हणजे सोमवार ते शनिवार, जेव्हा मी बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते.

त्या आठवड्यात पाण्याच्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक माझ्या पर्समध्ये, दवाखान्यात. दुसरी जावईबापूंकडे. तिसरी पंपावरच्या घड्याळकाकांकडे, आणि घड्याळकाका माझे तीस वर्षांचे सोबती होते.

३

गोण्यांचं मात्र डोक्यातून जाईना. पाणी तोडलं हे सिद्ध केलं तरी लोक म्हणणार, गोण्या कुठून आल्या?

गुरुवारी सकाळी खतवाला आला. हा माणूस दर आठवड्याला टेम्पो घेऊन येतो, आणि काळ्या बुडाची बातमी त्याच्या कानावर आधीच पोचली होती. माझ्या मनात त्याच्याबद्दलही शंका होतीच. पीक बिघडलं की याची फवारणीची बाटली खपते.

"मावशी, चार फवारे मारा, फळाचं बूड कसं आरशासारखं होतंय बघा," त्याने सुरुवात केली.

"काळं झालेलं बूड गोरं करायची बाटली आहे का तुझ्याकडे?"

"तसं नाही, पण..."

"मग तोंड बंद कर आणि इकडे ये."

मी त्याला टाकीपाशी नेलं. पुरावा म्हणून जावईबापूंनी त्या दोन गोण्या परत तिथेच ठेवायला लावल्या होत्या. तो खाली वाकला, गोणीचं तोंड चाचपलं आणि म्हणाला, "या माझ्याच. नव्या लॉटच्या."

"नव्या म्हणजे?"

"शिलाई बघा ना. निळा दोरा. आधीच्या लॉटला पांढरा होता. कारखान्याने मशीन बदललं. निळ्या दोऱ्याच्या वीस गोण्या मी गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा उतरवल्या इथे. पावती आहे माझ्याकडे."

मी त्याचा दंड धरला. "गेल्या शुक्रवारी? मी सुट्टीवर गेले त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते!"

"आता तुमची सुट्टी मला काय माहीत," तो दंड सोडवत म्हणाला. "पण शुक्रवारच्या आधी या गोण्या इथे असणं शक्य नाही, एवढं मी कुणाच्याही तोंडावर सांगेन."

गोदामात जाऊन मोजल्या. निळ्या दोऱ्याच्या अठरा. एकही फोडलेली नाही. उरलेल्या दोन टाकीमागे.

म्हणजे ही विसराळूपणाची गोष्ट राहिली नव्हती. कुणीतरी बसून, विचार करून मला अडकवलं होतं. एकोणीस वर्षांत मी कुणाचं एक पान ओरबाडलं नाही. तशीच तरातरा पंपाकडे गेले.

४

घड्याळकाका पंपाशेजारी स्टुलावर बसले होते. पंप सुरू होण्याची वेळ चुकली असं कधी झालं नाही, म्हणून हे नाव. वही त्यांच्या मांडीवर कायम असते, आणि वहीत खाडाखोड सापडली तर मी मिशा लावीन.

"काका, तो आठवडा काढा."

त्यांनी काढला. सोमवार ते शुक्रवार, पाण्याच्या रोजच्या आठ पाळ्या, रोजच्याच वेळा. टाकीतलं खत किती कडक, तो अंकही रोजचाच. शनिवारी मात्र दहा पाळ्या.

"शनिवारी दोन जास्त कशाला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि पाच दिवस पंप नेमाने चालला म्हणता, तर माझी रोपं तहानलेली कशी राहिली? पंप एकच आहे. त्याचं पाणी दोन नंबरच्या काकडीला जातं नाहीतर माझ्याकडे येतं. मधे फक्त एक व्हॉल्व्ह आहे."

काका खाली बघत होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. म्हटलं, हाच माणूस दोषी निघाला तर माझं शुक्रवारी बोलायचं धाडसच होणार नाही.

"व्हॉल्व्ह मीच फिरवला, मावशी," ते म्हणाले. "निम्मा बंद केला. पाच दिवस. आणि तुमच्याच सांगण्यावरून फिरवला."

५

"माझ्या?" मी इतक्या जोरात ओरडले की पंपाचा आवाजही कमी वाटला.

"सोमवारी दुपारी जावईबापू आले. म्हणाले, मावशींचा दवाखान्यातून फोन होता, पाणी निम्मं करा, शनिवारी पूर्ण सोडा आणि दोन पाळ्या जास्त द्या. मला वाटलं, तुमचा काहीतरी बेत असेल. तुमच्या शब्दावर मी कधी प्रश्न विचारलाय का? मग या सोमवारी बुडं काळी निघाली. म्हटलं, मावशींचं चुकलं. आता मी तोंड उघडलं तर त्यांच्याच गळ्याशी येणार. म्हणून गप्प बसलो."

"मला वाचवायला?"

"मग काय तर!"

आता या माणसाला ओरडावं की त्याच्या पाया पडावं, तुम्हीच सांगा. तीस वर्षांच्या विश्वासापायी माझ्या गळ्याला फास लागला होता, आणि गाठ मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना पाणी प्यायला लावलं.

पण नुसत्या काकांच्या शब्दावर काय होणार? जावई म्हणणार, मी असं बोललोच नाही. मालक कुणाचं ऐकतील हे सांगायला ज्योतिषी नको. आणि मुख्य प्रश्न राहिलाच होता. शिकलेला माणूस स्वतःच्याच सासऱ्याच्या पिकाचं पाणी का तोडेल?

विचार करत पॅकिंग शेडमध्ये आले. तिथे ताई होत्या. ताई म्हणजे मालकांची मुलगी, जावईबापूंची बायको. पॅकिंग शेड त्या सांभाळतात. रोज प्रत्येक हाऊसमधलं एक पिकलेलं फळ कापून, यंत्रावर रसाचा थेंब टाकून गोडी मोजतात आणि वहीत लिहितात. मला बघून त्यांनी वही मिटली.

"ताई, तुमच्या घरातलं तुम्हाला विचारत नाही मी. त्या आठवड्यातली पानं तेवढी बघू द्या."

त्या कितीतरी वेळ क्रेटवरचं लेबल नखाने खरवडत राहिल्या. लग्नात मीच त्यांच्या हाताला मेंदी काढली होती, तेव्हाही त्या अशाच गप्प होत्या.

"मला काही विचारू नका, मावशी," शेवटी त्या म्हणाल्या. "वही काय म्हणते ते वाचा." आणि वही माझ्यासमोर उघडी ठेवून बाहेर निघून गेल्या.

तीन नंबर. सोमवारी गोडी पाच. बुधवारी सहा. शुक्रवारी सात. नंतरच्या सोमवारी साडेचार.

शुक्रवारपुढे ताईंच्याच अक्षरात एक शब्द होता: "पाहुणे". मी ते आकडे पुन्हा एकदा वाचले.

६

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत पस्तीसच्या पस्तीस हजर होते. एकानेही चहा घेतला नव्हता.

"बोला," मालक म्हणाले.

"आधी एक चांगली गोष्ट बोलू. मी सुट्टीवर असताना शुक्रवारी मोठ्या दुकानांचे खरेदीदार टोमॅटो चाखायला आले होते. तीन नंबरचं फळ खाऊन खूश झाले म्हणे. श्रेय कुणाचं?"

मालकांचा चेहरा उजळला. "जावयाचं, आणखी कुणाचं! त्यांनी पत्रात लिहिलंय, इतका गोड टोमॅटो आजवर खाल्ला नाही."

"खरंय का, जावईबापू? की माझ्या हाताचा गुण?"

"तुमच्या हाताला पाचच्या वर गोडी कधी आली नाही, मावशी," ते हसत म्हणाले. "ती माझ्या पद्धतीची गोडी होती."

"मान्य. आता पद्धत सांगा. पिकत्या टोमॅटोची गोडी पाच दिवसांत वाढवायचे दोनच रस्ते मला ठाऊक आहेत. एक, खत कडक करायचं. ते तुम्ही केलं नाहीत, टाकीचा अंक वहीत तसाच आहे. दुसरा, पाणी तोडायचं, म्हणजे फळात रस कमी आणि साखर दाट. तिसरा रस्ता असेल तर सांगा, या वयातही शिकेन."

जावईबापूंचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"पाणी तोडलं नाही म्हणाल, तर गोडी माझी, आणि खरेदीदारांना तसं पत्र लिहा. गोडी तुमची म्हणाल, तर पाणी तुम्ही तोडलंत. काय ते एकदा ठरवा."

"थोडं... थोडा ताण दिला होता. ती शास्त्रीय पद्धत आहे, जगभर वापरतात!"

"वापरतात ना! पण त्यांना ठाऊक असतं, की त्याच वेळी वर बोराएवढी फळं बसली आहेत. तुमचं लक्ष फक्त पाहुण्यांच्या ताटावर. तिसरा घोस गोड केलात, सातवा मारलात. शनिवारी घाईने दहा पाळ्या सोडल्यात, तर तिसराही फाटला. काका, तुम्हाला व्हॉल्व्ह फिरवायला कुणी सांगितलं?"

काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

"हा माणूस मावशींचाच!" जावईबापू ओरडले. "आणि गोण्या? गोण्यांचं काय?"

मी वाटच बघत होते. खतवाल्याने निळा दोरा दाखवला, पावती दाखवली. गेल्या शुक्रवारी आलेल्या गोण्या मी त्याच्या अकरा दिवस आधी कशा लपवणार? आणि शुक्रवारनंतर गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे होत्या? त्या बुधवारपर्यंत व्यवस्थापकाच्याच खिशात होत्या, हे तिथल्या पस्तीस जणांना माहीत होतं.

जावईबापू एका क्रेटवर बसले.

"मला एकदा, फक्त एकदा, यांच्यासमोर काहीतरी करून दाखवायचं होतं," ते सासऱ्यांकडे बघून म्हणाले. "मग बुडं काळी पडली, आणि काय करावं सुचेना."

मला त्यांची कीव आली, नाही असं नाही. पण उपटायचा हुकूमही त्यांनीच सुचवला होता. रोपं उपटली की सातवा घोस गेला आणि त्याची साक्षही गेली.

मालकांनी घसा साफ केला. "मावशी, तीन नंबर तुमचंच. रोपं राहू देत. बाकीचं... घरातली गोष्ट आहे. बाहेर हवामानामुळे झालं असं सांगू. तुम्ही मोठं मन करा."

"नाही करत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मोठं मन करून करून म्हातारी झाले. बुधवारी तुम्ही मला घातकी म्हणालात, तेव्हा हवामानाचं नाव नाही काढलंत. इथेच म्हणालात, यांच्यासमोर. परत घ्यायचं तेही इथेच, यांच्यासमोर. आणि खरेदीदारांना कळवा, आमची रोजची गोडी पाच आहे, सात नाही. तेवढी चालत असेल तर या. नाहीतर मी चालले, मग उपटा नाहीतर पुजा."

मालक तांबडे झाले. मला वाटलं, संपलं.

"बाबा," दारातून ताईंचा आवाज आला, "त्या पाच दिवसांची खोटी गोडी मी माझ्या हाताने वहीत लिहिलीय. तुम्ही बोलत नसाल तर मी बोलते." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, पण थांबल्या नाहीत. "मावशींनी काहीही केलेलं नाही."

मालकांनी टोपी काढली. पस्तीस जणांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "चुकलो. मावशींचा दोष नव्हता. मी न बघता बोललो."

७

शनिवारी सकाळी उपटणारी माणसं आली आणि परत गेली. मी तीन नंबरच्या दारात उभी होते, एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात बादली.

काळं पडलेलं फळ बरं होत नाही. ते रोपावर ठेवलं तर रोप उगाच त्याला पोसत बसतं. म्हणून ते काढून टाकायचं, पाणी दिवसभर थोडं थोडं, नेमाने द्यायचं, आणि वरच्या घोसांवर नजर ठेवायची. बस, यापलीकडे औषध नाही.

जावईबापू आले. चकचकीत बूट नव्हते, कुणाच्या तरी चपला होत्या. मालकांनी त्यांना माझ्या हाताखाली दिलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगा काय करायचं."

मी कात्री आणि बादली त्यांच्या हातात दिली. "सातवा घोस. पहिल्या रोपापासून. फळ उलटं करून बघायचं, काळं असेल तर कापायचं, चांगलं असेल तर हात काढायचा."

त्यांनी ओळीकडे बघितलं, मग त्यापलीकडच्या, मग अगदी शेवटच्या ओळीकडे.

"दोन हजार रोपं?"

"दोन हजार."

"सगळी मीच?"

"सगळी," मी म्हणाले. "आणि आठव्याला धक्का लागला, तर मोजून परत पहिल्यापासून."